सात मिनिटं

समितीनं मला सात मिनिटं दिली आहेत.
टालिनमधली ही खोली उबदार आहे, पाण्याच्या बाटल्या ओळीत,
भिंतीवर पुढच्या साथीचा आराखडा :
चौकोन, चौकोनातून बाण, बाणाच्या टोकाला चौकोन.
मी माझा चौकोन शोधते.
चष्मा बदलून शोधते.
तळाशी, बारीक अक्षरात : 'इतर'.

मी हेल्मी रौद्सेप. बेटावरची फॅमिली डॉक्टर.
माझ्या यादीत एक हजार सहाशे बारा माणसं होती.
होती म्हणते, कारण आकडा त्या मार्चमधला आहे.

त्या मार्चमध्ये फेरीबोट थांबली
आणि खाडी एका रात्रीत रुंद झाली.
मास्क आले वीस, मुदत संपलेले.
नावा रंगवणाऱ्या आर्वोनं आपला मुखवटा काढून दिला,
त्याला व्हार्निशचा वास होता.
सहा आठवडे मी त्याच वासात श्वास घेतला.
बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या चिमट्या तीन,
घरं सातशे.
पोस्टवाली उइये त्या पावाच्या डब्यातून नेई,
फाटकाच्या खांबावर ठेवी, हॉर्न वाजवी,
आणि दहा मिनिटांनी खिडकीतून कुणी ओरडे :
ब्याण्णव!
ती ते हातावर लिहून घेई, पेनानं, मनगटापर्यंत.
ही आमची यंत्रणा.

मला काय ठाऊक होतं? फार मोठं काही नाही.
एंडेल धारा काढून झाल्याशिवाय फोन उचलत नाही, हे.
टीउच्या घरात धापेचे दोघे आणि पलंग एकच, हे.
कोण 'बरं आहे' म्हणतं तेव्हा खरंच बरं असतं
आणि कोण 'बरं आहे' म्हणालं की
बॅग उचलून निघायचं असतं,
हे.

लेइदाला मी तेवीस वर्षं ओळखत होते.
तिचे मणके, तिचा रक्तदाब, सुनेची दोन्ही बाळंतपणं.
ती फोन करत नसे. डॉक्टरला कामं असतात, म्हणायची.
ज्यांचे फोन येत त्यांना मी रोज उलट फोन करत होते,
रात्री अकरापर्यंत, घसा बसेपर्यंत.
तिचा आला नाही.
म्हणजे ठीक असेल.

गुरुवारी उइयेनं हॉर्न वाजवला. पडदा हलला नाही.
शेगडीवर सालीसकट उकडलेले बटाटे होते,
एक ताटात काढलेला.

त्या रात्री मी शाळेची वही घेतली
आणि जे फोन करत नाहीत त्यांची नावं लिहिली.
एकशे एकेचाळीस.
प्रत्येकापुढे एक शेजारी, ज्याला चूल पेटल्याचा धूर दिसतो.
एका संध्याकाळचं काम होतं.
फेब्रुवारीतही संध्याकाळी होत्याच.
जानेवारीतही.
कुणी मला विचारलं नव्हतं, हे खरं.
मीही स्वतःला विचारलं नव्हतं, हेही
तुमच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
विहीर आमच्याकडे होतीच, साहेब,
दोर राजधानीत होता.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत. विचारतात,
वहीची एक प्रत मिळेल का,
परिशिष्टात जोडता येईल.
मी म्हणते, वही नको जोडू,
खुर्ची जोडा.
कुणीतरी हसतं. दिवा लाल होतो.
कदाचित त्यांना तो विनोद वाटला.
कदाचित जोडतीलही.

परतीच्या बोटीवर काचेला बर्फाची कड.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकतं.
मी वळत नाही. ओळखीचा आहे :
आर्वो, चाळीस वर्षांची सिगारेट, काळजीचं काही नाही.
मग दुसरा खोकला, कोरडा, लहान.
हा मला माहीत नाही.

मी उठते.